घोणस, कोयता आणि सांगलीचं सिव्हिल

हे प्रकरण सर्पदंशाचं आहे, पण समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना मी ते सांगतो ते सापासाठी नव्हे. जिल्ह्याची सरकारी आरोग्यसेवा कशी चालते, कुठे अडते आणि सिव्हिल नावाच्या जुन्या रुग्णालयाच्या अंगावर शेवटी काय काय येऊन पडतं, हे एकाच केसपेपरात इतकं स्पष्ट क्वचित दिसतं. बाईचं नाव देत नाही. गावं मोघम ठेवली आहेत, आणि ज्यांचं वागणं खटकलं त्यांचीही ओळख झाकली आहे.

बाई तिशीतली, जत तालुक्याच्या पूर्व भागातली. उमदी-संखच्या त्या पट्ट्यात घरात कानडी आणि तहसील कचेरीत मराठी असा व्यवहार असतो. दोन एकर कोरडवाहू, सातबारा सासऱ्याच्या नावावर. दिवाळी झाली की मुकादमाच्या टोळीबरोबर नवरा-बायको कृष्णाकाठी ऊस तोडायला येतात. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांची उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, एकत्र, फेडही एकत्र, आणि दोघांतला एक पडला की दुसऱ्याचंही काम बंद. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे बरेच निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यापेक्षा या हिशेबावर झाले.

डिसेंबरातली संध्याकाळ. पलूस तालुक्यातला फड, ट्रॉली भरायची शेवटची घाई. मोळीखालचं पाचट ओढताना डाव्या घोट्याच्या वर चावा बसला. साप कुणी मारला नाही, पण तिघांनी नीट पाहिला. आखूड, जाड, अंगावर साखळीसारखे गोल डाग, आणि फुसकारा असा की चार सऱ्या सोडून उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू गेला. घोणसच.

आपला जिल्हा सापांच्या बाबतीत थोडा वेगळा आहे. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी याच जिल्ह्यातली. तिथली परंपरा, जिवंत नागांवर आलेली न्यायालयीन बंदी, त्यावरचे वाद हे सगळं पेपरात दरवर्षी येतं. नागाला इथे देवाचा मान आहे. उसात मात्र गाठ पडते ती घोणसीशी, आणि तिची ना पूजा होते ना तिच्याबद्दल कुणी फार बोलतं. नागाचं विष नसांवर जातं, श्वास अडतो, गडबड लगेच दिसते. घोणसीचं विष रक्तावर जातं. माणूस तासभर बोलत-चालत असतो, पाय तेवढा सुजतो, आणि आत रक्त गोठण्याची ताकद संपत आलेली असते. त्यामुळे घोणसीच्या केसमध्ये नातेवाइकांना घाई वाटत नाही. या प्रकरणातही वाटली नाही.

कुणीतरी लुगड्याचा काठ फाडून पोटरीला करकचून आवळला. अजूनही हे सर्रास होतं आणि करू नये तेच आहे: विष त्याने थांबत नाही, उलट घोणसीच्या चाव्यात आधीच सुजत चाललेल्या पायाचा रक्तपुरवठा तुटतो. पाय न हलवता आडवं ठेवून गाडी गाठायची, एवढंच खरं प्रथमोपचाराचं काम. मोटरसायकलवर मधे बसवून तिला आधी जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन आणि सलाईनची एक बाटली मिळाली, आणि बाटली संपल्यावर ‘सांगलीला न्या’ असा सल्ला. बाटली संपेपर्यंत थांबवलं याचा राग मला आजही आहे. सर्पदंशात सलाईन हा उपचार नाही, वेळ काढणं आहे. वाटेत ट्रॅक्टरवाल्याने शहाणपण केलं. सांगलीपर्यंत कशाला, ग्रामीण रुग्णालयात सापाची लस असते, आधी तिथे घ्या, असं तो म्हणाला. पहिली कुपी अंगात गेली तेव्हा चावा बसून दोन-अडीच तास उलटले होते.

ही ‘सापाची लस’ खरं तर लस नव्हे, उतारा आहे. घोड्यांना विषाची थोडी थोडी मात्रा देऊन त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं वेगळी काढतात. महाराष्ट्रात हे काम परळच्या हाफकिनने वर्षानुवर्षं केलं. १८९९ मध्ये प्लेगची लस बनवायला सुरू झालेली ती प्रयोगशाळा. भारतातली ही कुपी चार सापांवर चालते: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. त्यामुळे साप मारून पिशवीत घालून आणायची काहीच गरज नसते. सुरुवातीला साधारण दहा कुप्या शिरेतून देतात, आणि मूल असो की पैलवान, मात्रा तीच. कारण औषध माणसाच्या वजनाला द्यायचं नसतं, सापाने सोडलेल्या विषाला द्यायचं असतं. घोड्याच्या रक्तातलं असल्याने कुणाला जोराची रिॲक्शन येते, म्हणून शेजारी ॲड्रेनॅलिन भरून ठेवावं लागतं. छोट्या ठिकाणचे डॉक्टर लस असूनही पुढे पाठवून देतात ते बहुतेक वेळा याच भीतीने.

या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरबाई घाबरल्या नाहीत. त्यांनी आवळलेला काठ जपून सोडला, दहा कुप्या दिल्या, वेळ आणि संख्या चिठ्ठीवर ठळक लिहिली आणि १०८ रुग्णवाहिका बोलावून सांगलीला पाठवलं. सबंध साखळीत मला विचाराल तर निम्मा जीव इथे वाचला. त्या चिठ्ठीची झेरॉक्स मी विद्यार्थ्यांना दाखवतो. चांगली रेफर चिठ्ठी पाच ओळींची असते: काय चावलं, किती वाजता, काय दिलं, किती दिलं, दिल्यावर काय झालं.

रात्री अकराच्या सुमारास बाई सिव्हिलच्या अपघात विभागात पोचली. सर्पदंश ही मेडिकोलीगल केस, म्हणजे एमएलसी. पोलिसांत नोंद, रजिस्टरात नोंद, मग वॉर्ड. नवऱ्याला वाटलं आपल्यावर काहीतरी गुन्हा लागतोय. तो एका कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘माहीत नाही’ म्हणू लागला. सासू कानडीतून बोलत होती, ते डॉक्टरांना कळत नव्हतं. रात्रपाळीच्या मावशी मूळच्या त्याच बाजूच्या निघाल्या. त्यांनी म्हातारीला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि पाच मिनिटांत सगळी हकिकत काढून घेतली: किती वाजता, कुठे, कसा साप, लघवी झाली का, तिचा रंग कसा होता. लघवी लाल झाली होती. हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

मग ती काचेची नळी. घोणसीच्या चाव्यात सगळ्यात महत्त्वाची तपासणी इतकी साधी आहे की मुलांना ती सांगितली की ती हसतात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन-तीन मिली रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं तिला अजिबात हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. रक्ताचा गोळा झाला असेल तर ठीक; पाण्यासारखं वाहिलं तर विष अजून काम करतंय. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेलीही चालत नाही. मेडिसिनच्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने नळी खाटेच्या लोखंडी दांड्याला चिकटपट्टीने उभी चिकटवली, पट्टीवर पेनाने वेळ लिहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘हात लावू नका’ म्हणून बजावत राहिला. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त सरळ काठापर्यंत आलं. सहा तासांनी परत तपासणी, तेव्हाही तेच. आणखी दहा कुप्या. त्यानंतरच्या नळीत सकाळी उशिरा गोळा धरला.

प्रकरणाचा अभ्यास म्हणून मी इथे थांबतो. मध्यरात्री एक आणि पहाटे पाच या वेळेत नळीकडे बघायला शिकलेलं माणूस जागं होतं, म्हणून ही बाई जगली. सिव्हिलमध्ये असं माणूस का असतं, याचं उत्तर साठ-सत्तर वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं.

सांगली हे मुळात पटवर्धनांच्या संस्थानाचं गाव. चिंतामणराव अप्पासाहेबांनी १८०१ मध्ये मिरजेतून वेगळं होऊन इथे राजधानी केली. इंग्रजी अमलात आजचा हा जिल्हा तुकड्या-तुकड्यांत होता. जत हे डफळ्यांचं संस्थान, मिरज पटवर्धनांच्याच दोन शाखांची, आणि तासगाव-वाळवा इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. पलूस तेव्हा तासगावात मोडायचं. म्हणजे त्या काळी याच बाईला असाच साप चावला असता, तर घर एका राज्यात, फड दुसऱ्यात आणि दवाखाना तिसऱ्यात पडला असता. १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि सांगली जिल्ह्याचं ठिकाण बनली. १९६० मध्ये जिल्ह्यालाच सांगलीचं नाव मिळालं. जिल्ह्याचं ठिकाण म्हटलं की कलेक्टर कचेरी, जिल्हा न्यायालय आणि सिव्हिल सर्जनचं हॉस्पिटल. आज फलकावर ‘पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय’ असं भलंमोठं नाव आहे, १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडताना खांद्यावर गोळी झेललेल्या माणसाचं. पण रिक्षावाल्याला ‘सिव्हिल’ म्हटल्याशिवाय कळत नाही.

पण जिल्ह्याचं ठिकाण तर साताराही होतं. सांगलीला वेगळं बळ मिळालं ते शेजारच्या मिरजेमुळे. विल्यम वॉनलेस हा कॅनडात जन्मलेला प्रेसबिटेरियन मिशनचा तरुण डॉक्टर १८८९ मध्ये या भागात आला. त्याचा पहिला दवाखाना सांगलीतच होता. मग तो मिरजेला गेला, १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभं राहिलं आणि १८९७ पासून त्याने तिथेच मुलांना वैद्यक शिकवायला सुरुवात केली. मिरज जंक्शन असल्याने कर्नाटकातून, कोकणाच्या वाटेने, दूरदूरचे रुग्ण रेल्वेने येत. मिरजेला डॉक्टरांचं गाव ही ओळख तिथून मिळाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र सरकारने वैद्यकीय महाविद्यालय काढलं ते या मिशन रुग्णालयाला धरूनच मिरजेत, आणि सांगलीचं सिव्हिल त्याचं शिकवायचं रुग्णालय झालं. सरकारचं कॉलेज आणि मिशनची खाट असा तो जोडसंसार होता. पुढे मिरजेत सरकारचं स्वतःचं रुग्णालयही उभं राहिलं. तेव्हापासून कॉलेज एक, रुग्णालयं दोन, मधे आठ-दहा किलोमीटरचा सांगली-मिरज रस्ता.

रात्री नळीजवळ बसलेला तो मुलगा या १९६२ च्या निर्णयामुळे तिथे होता. शिकवायचं रुग्णालय म्हणजे एमडी करणारी मुलं, आणि एमडी करणारी मुलं म्हणजे रात्रभर जागे डॉक्टर. ज्या सरकारी रुग्णालयाला कॉलेज जोडलेलं नाही, तिथे रात्री एक वैद्यकीय अधिकारी आणि दोन सिस्टर सगळा गाडा ओढतात. त्यांना एका पेशंटजवळ वीस मिनिटं थांबायला सांगणंच चुकीचं आहे. लोक सिव्हिलची इमारत बघतात, भिंती बघतात, गर्दी बघतात. मी जागी माणसं मोजतो.

दोन गावांत विभागलेल्या या संसाराचा त्रास आहेच. कुठला विभाग इथे आणि कुठला तिथे हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. पण संकटात तोच उपयोगी पडलेला आपण पाहिला आहे. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरच्या एका कुटुंबातले सौदीहून परतलेले चौघे कोरोनाबाधित निघाले आणि बघता बघता त्यांच्या संपर्कातले धरून बाधितांची संख्या पंचवीसच्या आसपास गेली. तेव्हा मिरजेचं रुग्णालय कोरोनासाठी मोकळं करता आलं आणि बाळंतपणं, अपघात, सर्पदंश सांगलीला आणता आले. एकच इमारत असती तर? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली, निम्मी सांगली पाण्यात होती, आणि मिरज शहर उंचावर असल्याने तिथली दारं उघडी होती. ठरवून केलेलं नियोजन नव्हे हे, पण पदरात पडलेलं आहे.

आता परत बाईकडे.

रक्त गोठायला लागलं, सूज गुडघ्यावर थांबली, सगळ्यांना वाटलं सुटलो. तिसऱ्या दिवशी लघवी जवळपास बंद झाली. घोणसीच्या चाव्यात मूत्रपिंडं बसतात, आणि उताऱ्याने रक्त सुधारलं तरी मूत्रपिंडांना झालेली इजा लगेच भरून येत नाही. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारं रक्तातलं माप, एकाच्या जागी सातावर गेलं. मानेच्या शिरेत नळी घालून डायलिसिस सुरू करायचं ठरलं. रक्त गोठतंय याची खात्री झाल्याशिवाय ती नळीही घालता येत नाही, म्हणून ती काचेची नळी इथेही कामाला आली. डायलिसिसला चार तास, एक दिवसाआड. डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेकांची मूत्रपिंडं काही आठवड्यांत परत काम धरतात, तोवर मशीनवर काढायचं.

हे ‘काही आठवडे’ कोयत्याच्या हिशेबात बसत नव्हते. खाडा दोघांचा पडत होता. मुकादम एकदा भेटायला आला, केळी घेऊन आला, आणि जाताना उचलीचा आकडा सांगून गेला. वाईट माणूस नव्हता; त्याच्यामागे कारखान्याचा तगादा होता. तोडलेल्या उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याची हिरवी वैरण, विकून थोडे पैसे सुटत, तेही आता टोळीतल्या दुसऱ्याकडे जात होते.

याच दिवसांत एक चुलत दीर आला आणि पेशंट मिरजेच्या खासगी दवाखान्यात हलवू म्हणू लागला. त्याच्याबरोबर एक रुग्णवाहिकेवालाही होता. तो कोण, कुणी पाठवला, हे मी विचारलं नाही आणि लिहिणारही नाही. ‘इथं काय होणार’ हे त्याचं वाक्य प्रत्येक सरकारी वॉर्डाच्या दारात ऐकू येतं. घरच्यांनी सही करून न्यायची तयारीही केली होती. त्यांना अडवलं ते आमच्या समजावण्याने नव्हे. दिराने फोनवर आधी भरायची रक्कम विचारली, आणि ती कोयत्याच्या पूर्ण हंगामाच्या उचलीएवढी निघाली. रुग्णवाहिका रिकामी गेली. विद्यार्थी या जागी नेहमी ‘समुपदेशनाचं यश’ असं लिहितात, आणि मी ते खोडतो. खासगीत पैसे संपल्यावर सातव्या-आठव्या दिवशी सिव्हिलला आलेले पेशंट मी पुष्कळ पाहिले आहेत. ही बाई त्या वाटेने गेली नाही, कारण जायलाही पैसे लागतात.

कागदांचं प्रकरण वेगळंच. डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसवायचं, म्हणजे रुग्णालयालाही त्याचे पैसे मिळतात आणि औषधं बाहेरून आणायची वेळ येत नाही. तातडीच्या केसला उपचार आधी आणि कागद मागाहून अशी सोय आहे, पण मागाहून का होईना कागद लागतातच. रेशनकार्ड जतला पेटीत. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. शेजाऱ्याने कार्डाचा फोटो पाठवला, तो अर्धा अंधारात. आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेचे कागद बघणाऱ्या माणसाने, तीनदा परत पाठवलं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही पाठवलं असतं. नाव जुळलं नाही तर क्लेम फेटाळला जातो आणि जबाब त्याला द्यावा लागतो. शेवटी नवरा मूळ कार्ड आणायला गेला. जायला-यायला दीडेकशे किलोमीटरच्या वर, म्हणजे एक दिवस, म्हणजे वॉर्डात सासू एकटी.

म्हातारीवर काम होतं लघवी मोजायचं. दिवसभरात किती झाली यावर पुढचं डायलिसिस ठरत होतं, आणि तिला आकडे वाचता येत नव्हते. एका सिस्टरने मापाच्या भांड्यावर चिकटपट्टीचे दोन आडवे पट्टे लावले आणि खुणेनेच सांगितलं, खालच्या पट्ट्याशी आली की मला हाक मार, वरच्या पट्ट्याशी आली की पेढे. म्हातारी भांडं खिडकीपाशी उजेडात धरून बघायची. पाणी मोजून द्यायचं होतं, आणि तिला ते क्रूर वाटायचं; सून पाणी मागायची आणि ही तोंड फिरवून बसायची. मावशींनी तिला कानडीत काय सांगितलं कोण जाणे, पण तिने पाणी चोरून दिलं नाही. सुशिक्षित घरचे नातेवाईक इथे जास्त चुकतात.

आणि खात्यांचा घोळ. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं. ग्रामीण रुग्णालय त्या विभागाचं, म्हणून तिथे एक पैसा लागला नाही. सांगलीचं सिव्हिल १९६२ पासून कॉलेजला जोडलेलं, म्हणून वैद्यकीय शिक्षण विभागाचं. त्याचा कारभार अधिष्ठाता, म्हणजे कॉलेजचे डीन, बघतात आणि तो निर्णय त्या विभागाला लागू नव्हता. जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजे ज्यांच्या पदावरून लोक ‘सिव्हिल’ म्हणतात तेच अधिकारी, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं बघतात. बाई १०८ मधून आली तेव्हा ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात आली होती. नवऱ्याने विचारलं, ‘तिकडं पैसे नव्हते, इकडं का?’ दर फार नसतात आणि योजनेत केस बसल्यावर ते सुटलेच, पण प्रश्न रास्त होता. ज्या कॉलेजमुळे रात्री डॉक्टर जागा मिळाला, त्याच कॉलेजमुळे मोफतचा नियम दारातच थांबला. मंत्रालयात हे दोन मजल्यांचं अंतर असेल. वॉर्डात ते केसपेपरच्या खिडकीवर भरावं लागतं.

सरकारने सर्पदंशाकडे अलीकडे नीट बघायला सुरुवात केली आहे. एका अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने बारा लाखांच्या घरात माणसं गेल्याचं, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज काढला. त्यात बहुतेक खेड्यातली, साधारण निम्मी पावसाळ्यातली. मार्च २०२४ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय कृती आराखडा आला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. त्याच वर्षी राज्यांना सर्पदंश नोंदणीयोग्य करायला सांगितलं गेलं. चांगलं आहे. नोंद झाली तर निदान कळेल की कुठल्या फडात, कुठल्या महिन्यात, कुठल्या वेळी. ऊसतोड कामगाराची नोंद मात्र जिथे त्याला साप चावला त्या तालुक्यात होईल की जिथे त्याचं रेशनकार्ड आहे तिथे, हे बघावं लागेल.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी भांड्यातली पातळी खालच्या पट्ट्याच्या वर आली. मग रोज थोडी थोडी वाढली. डायलिसिस दोन दिवसांनी, मग चार दिवसांनी, मग बंद. क्रिएटिनिन दोनच्या आसपास असताना घरी सोडलं. वरच्या पट्ट्याशी लघवी आली त्या दिवशी म्हातारीने पेढे नाही, पण गूळ-शेंगदाणे वाटले; सिस्टर सुट्टीवर होती, तिच्यासाठी पुडी बांधून कपाटावर ठेवली.

डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: पंधरा दिवसांनी रक्त तपासून दाखवणे, वेदनाशामक गोळ्या मनाने न घेणे, भरपूर पाणी. यातली दुसरी सूचना मी नवऱ्याला तीन वेळा सांगितली. ऊसतोडीत अंगदुखीच्या गोळ्या खिशात असतात आणि अर्धवट सुधारलेल्या मूत्रपिंडाला त्या विषासारख्या. शेतकरी अपघात अनुदानाचं त्याने विचारलं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची ती योजना सर्पदंशालाही लागू आहे, पण मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला, आणि खातेदार शेतकरी किंवा त्याच्या घरातल्या एका सदस्याला. बाई जगली होती, पाय शाबूत होता. फॉर्म भरायचं कारण उरलं नाही. एमएलसीचा कागद त्याने तरीही घडी घालून ठेवला.

पहिल्या तपासणीला दोघं आली. महिलांना एसटीत अर्धं तिकीट असल्याने तिचा प्रवास निम्म्यात झाला, त्याचा पूर्ण. क्रिएटिनिन आणखी खाली आलं होतं. दुसऱ्या तपासणीला आली नाहीत. केसपेपरवरचा फोन मुकादमाचा होता. त्याने सांगितलं की टोळी आता कर्नाटकात एका कारखान्याकडे आहे, नवरा तिथेच आहे, बाई फडात नाही, खोपीवर भाकरी करते. विजापूर जवळ पडतं, तिथल्या जिल्हा रुग्णालयात रक्त तपासा, असा निरोप दिला आणि मागची कागदं फोटो काढून पाठवली. सातारा, सांगली, विजापूर, कुठल्याही सिव्हिलला ते चालावेत म्हणून आकडे आणि तारखा इंग्रजी अंकांत पुन्हा लिहून काढल्या.